सायकलमार्गावर दिवा कुणी लावायचा?

(एस. वाय. बी. ए.)

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य या शहरात आल्यापासून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते ऐकताना मी सांगणाऱ्याच्या हाताकडे पाहते. त्याच्या आवाजात हळहळ असते आणि हातात बहुधा स्कूटरची किल्ली असते.

सायकली अजिबात गेल्या आहेत, असे मात्र नाही. पहाटे पेपर टाकणारी मुले, बांधकामावर जाणारे गवंडी, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, हॉटेलात भांडी घासणारी परप्रांतीय पोरे आणि आमच्यासारखे काही विद्यार्थी हे सारे आजही सायकलवरच आहेत. फक्त ते कुणाला दिसत नाहीत. शहराला दिसते ती रविवारी सकाळी चकचकीत हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेली सायकल. ती हौसेची सायकल आहे. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण हौसेची सायकल उजाडल्यावर निघते आणि ऊन चढायच्या आत घरी येते. गरजेच्या सायकलला ही सवलत नसते. तिला काळोखात निघावे लागते आणि काळोखातच परतावे लागते. सायकलमार्गाचा विचार करताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर पुढचे सगळेच चुकते.

माझी सायकल मला आठवीत मिळाली. आमचे गाव जालना जिल्ह्यात, शाळा चार किलोमीटरवर. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्यांतलीच ही एक. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना निघाली, तेव्हा माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या बरीच वाढली, असे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी करून दाखवून दिले आहे. मला त्यासाठी पाहणीची गरज नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि सायकल नसती तर आठवीच्या पुढेही गेले नसते. बारावीनंतर ती सायकल कांद्याच्या टेम्पोत टाकून मी पुण्याला मामांकडे आणली. मामा हसून म्हणाले, "पोरी, पुण्यात सायकलला वेगळा रस्ता आहे बघ. तुझी मज्जा हाय."

रस्ता आहे, हे खोटे नाही. आपल्या देशात सायकलमार्ग कसा असावा याची मानके इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच घालून दिली. मार्गाची रुंदी निदान दोन मीटर असावी, असे त्यांत म्हटले आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना वेगळी जागा द्यावी, असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यांवर बसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली आणि तिच्यासोबत सायकलमार्गही आखले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचे जाळे कल्पिलेले आहे. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात भाड्याच्या सायकलीही आल्या. काहींची मोडतोड झाली, काही पळवल्या गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत ती योजना बारगळली. असो. सांगायचा मुद्दा असा, की कागदाच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणारे नाही.

आता कागदावरून रस्त्यावर येऊ. माझ्या जाण्यायेण्याच्या सात किलोमीटरांत सायकलमार्ग म्हणावा असा पट्टा सुमारे दीड किलोमीटरचा आहे. रस्त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ते न लिहिल्याने निम्म्या वाचकांना तो आपलाच रस्ता वाटेल. या पट्ट्याच्या तोंडाशी दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले आहेत. ते इतके जवळ, की माझे हँडल अडकते आणि मला उतरून सायकल तिरकी करावी लागते. दुचाकीवाल्यांची मात्र अडचण होत नाही, कारण पलीकडच्या गल्लीशी एक खांब कुणीतरी केव्हाच उपटला आहे. पुढे पेव्हर ब्लॉक. ते बसवले त्या दिवशी सुंदर दिसत असतील. आज निम्मे सैल आहेत, आणि पावसात त्यांवरून चाक गेले की खालचे पाणी पिचकारीसारखे अंगावर येते. मग एक डीपी. मग चेंबरचे झाकण, मार्गापेक्षा चार बोटे वर. मग कुणाच्या तरी घरदुरुस्तीचा राडारोडा, मग बसथांब्याची मागची बाजू, आणि मग एक जुना वड, ज्याच्या बुंध्याशी मार्ग गुपचूप संपतो आणि तीस पावलांवर पुन्हा सुरू होतो. वडाबद्दल राग नाही. तो आधीपासून तिथे आहे.

हे सगळे दिवसाचे झाले. दिवसा मला या मार्गाचा कंटाळा येतो. संध्याकाळी भीती वाटते, आणि हा लेख त्या भीतीबद्दल आहे.

मार्गाच्या एका बाजूला लोखंडी कठडा आहे आणि दुसऱ्या बाजूला उंच भिंत. कठडा कशासाठी? तर मोटारींपासून आमचे रक्षण व्हावे म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण एकदा आत शिरले, की जवळजवळ चारशे पावले बाहेर पडायला वाट नाही. रस्त्याचे मोठे दिवे दुभाजकावर आहेत. त्यांचा उजेड डांबरी रस्त्यावर पडतो आणि आमच्या वाट्याला झाडांची सावली येते. मार्गाच्या कडेने खास सायकलींसाठी म्हणून बुटके दिवे लावलेले आहेत. मी ते मोजले. चोवीस आहेत. त्यांतले पाच पेटतात, आणि त्या पाचांतले दोन फांद्यांत बुडालेले आहेत.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात वाचनालयातून निघायला मला साडेसात झाले. मार्गाच्या मध्यावर समोरून एक दुचाकी आली, दिवा न लावता, आणि माझ्यापुढे आडवी थांबली. वर दोघे होते. ते काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. फारसे वाईटही नव्हते, असे लोक म्हणतील. मी सायकल वळवली. वळवताना जिथे ब्लॉक नव्हता त्या खड्ड्यात चाक गेले, मी पडले आणि साखळी निघाली. मग साखळी निघालेली सायकल ढकलत, मागे न बघता, मी कठड्याच्या तोंडापर्यंत चालत आले. ते दोघे मागून सावकाश येत होते आणि हसत होते. कठडा संपल्यावर ते निघून गेले.

म्हणजे काहीच घडले नाही. पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे असे काहीही नाही. गुडघा खरचटला, तो घरी खड्ड्यावर ढकलला, आणि ते खोटेही नव्हते. पण त्या दिवसापासून मी थंडीत साडेपाचला वाचनालयातून उठते. वाचनालय आठपर्यंत उघडे असते. मामांच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. तिथे अभ्यासाला बसता येते ते सगळे झोपल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोजचे दोन तास धरले तरी दीडशे तास होतात. सायकलमार्गाच्या देखभालीचा हिशेब करताना हे दीडशे तास कोणत्या खात्यात मांडायचे, हे मला कुणीतरी सांगावे.

बसने का जात नाही, असे मैत्रिणी विचारतात. जाते की, कधीकधी. पण त्या वेळी बसमध्ये उभे राहून जो अनुभव येतो तोही मुलींना नव्याने सांगायला नको. आणि सायकल असताना रोज तिकिटाचे पैसे मामींकडे मागणे मला जमत नाही.

त्या प्रसंगानंतर मी सरळ मोटारींच्या रस्त्यावरून सायकल चालवू लागले. बाजूने डंपर जातो तेव्हा वाऱ्याने सायकल हलते; तरीही तिथे मला बरे वाटते. तिथे उजेड आहे, माणसे आहेत, हाक मारली तर कुणीतरी थांबेल असे वाटते. डंपरखाली मरण्याची भीती मी स्वीकारली आणि कठड्याआडची भीती टाळली. या निवडीत मी एकटी नाही. आमच्या वर्गातल्या सायकलवर येणाऱ्या चारही मुली हेच करतात. आणि मग गंमत बघा. मार्गावर कुणी दिसत नाही, म्हणून तो साफ होत नाही. तो साफ होत नाही, म्हणून कुणी जात नाही. शेवटी एखादा गृहस्थ मोटारीच्या काचेतून त्या ओसाड पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणतो, "बघा, एक तरी सायकल आहे का? उगीच जागा अडवली. हे काढून रस्ता रुंद करा." त्या वेळी मी त्याच्या मोटारीच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, सायकल सांभाळत असते. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद हा बसचा वेगळा रस्ता झाला, त्याला सायकलमार्ग होता. मोटारवाल्यांची ओरड होत राहिली आणि २०१६ पासून तो सगळा रस्ताच उखडला गेला. आपल्याकडे उखडायचीही गरज पडणार नाही. झाडलोट बंद केली की पुरे.

आता एक अडचणीची गोष्ट सांगते, कारण ती टाळली तर लेख खोटा होईल. या दीड किलोमीटरात शंभर पावलांचा एक तुकडा असा आहे, जिथे मला संध्याकाळी अजिबात भीती वाटत नाही. तिथे सायकलमार्गावर अतिक्रमण आहे! एक मावशी कणसे भाजतात, शेजारी चहाची टपरी आहे, पुढे एक जण मोबाइलची कव्हरे टांगतो. सायकल चालवता येत नाही, उतरून ढकलावी लागते. पण तिथे दिवे आहेत आणि मावशींचे लक्ष असते, एकदा त्यांनीच मला हटकले, "आज उशीर झाला गं?" अमेरिकेतल्या जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली एका पुस्तकात हेच मांडले, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसापेक्षा तिथे आपापल्या कामाला बसलेल्या माणसांच्या नजरेमुळे. समाजशास्त्राच्या तासाला हे ऐकले तेव्हा मला त्या मावशी आठवल्या.

माझे मामा हातगाडीवर भाजी विकतात. अतिक्रमणाची गाडी आली की तराजू उचलून पळणे मी पाहिले आहे. म्हणून सायकलमार्ग मोकळे करा असे लिहिताना माझा हात अडखळतो. माझ्या सायकलसाठी मामांची गाडी उचलली गेली तर तो मार्ग मला नको. पण हे दोन्ही एकमेकांच्या जिवावरच का व्हावे? पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. त्यात विक्रेत्यांची नोंद करून त्यांना जागा नेमून द्यायची सोय आहे. ती जागा सायकलमार्गाच्या कडेला, मार्ग सोडून, दर दोनशे पावलांवर दिली, तर मावशींचे कणीस खपेल आणि मला दिवाही मिळेल. पदपथ, सायकलमार्ग आणि विक्रेते यांचे नकाशे वेगवेगळ्या टेबलांवर काढले जातात, म्हणून हे कुणाला सुचत नसावे.

टेबलांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या अर्जाची हकिगत थोडक्यात सांगते. डिसेंबरात मी त्या दिव्यांबद्दल एका कचेरीत अर्ज दिला. तिचे नाव देत नाही. तेथील कारकून सभ्य होते आणि त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांनी समजावले, की दिवे विद्युत विभागाकडे, फांद्या उद्यान विभागाकडे, ब्लॉक पथ विभागाकडे, कचरा घनकचऱ्याकडे आणि मार्गावर लावलेल्या गाड्या वाहतूक पोलिसांकडे. एका अर्जाचे पाच अर्ज करा. मी म्हटले, "साहेब, मी तर एकाच सायकलवर बसते." ते हसले. मग खरोखरच काळजीने म्हणाले, "पण बाळ, तू त्या मार्गाने जातेसच कशाला? रस्त्याने जावं की सरळ."

या सल्ल्यावर मी बराच विचार केला. ते गृहस्थ वाईट नव्हते, आणि ज्या मार्गाची देखभाल करायची तो वापरू नये, असे त्यांनाही मनापासून वाटते, हेच मला अधिक वाईट वाटले. आमच्या कॉलेजजवळ पंक्चर काढणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या पेटीत सायकलच्या कराचा जुना बिल्ला अजून जपलेला आहे. ते सांगतात, की पूर्वी रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस अडवायचे. दिवा नसेल तर दंड, डबलसीट असेल तर दंड. सायकलस्वाराकडून शहर दिव्याची अपेक्षा करीत होते आणि ती योग्यच होती. माझ्या सायकलला पुढे दिवा आहे, मागे लाल काच आहे. माझ्याकडून जे व्हायचे ते मी केले आहे. आता दंड कुणाला करायचा?

कायद्यात याचे उत्तर शोधू गेले तर ते अर्धेच सापडते. रस्त्यांची देखभाल आणि त्यांवर दिवाबत्ती ही महापालिकांची बंधनकारक कर्तव्ये आहेत. १९४९ च्या महापालिका अधिनियमात ती तशी नमूद आहेत. सुस्थितीतले रस्ते मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याची रचना वा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे माझा पाय मोडून कायमचा अधू झाला असता, तर कलम होते. मी नुसती घाबरले, आणि दोन तास आधी घरी जाऊ लागले. त्याला कलम नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि ते माझ्या सायकलप्रेमी मित्रांना आवडणार नाही, की काही वर्षे नवा सायकलमार्ग आखूच नये. ८२४ किलोमीटर राहू देत कागदावर. आहेत तेवढेच मार्ग, पण प्रत्येक मार्गासाठी एक नाव असलेला माणूस हवा, ज्याचे नाव आणि दूरध्वनी खांबावर रंगवलेला असेल. त्याने आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातला, मोटारीने नव्हे, सायकलने तो मार्ग पार करावा. त्याला जिथे उतरावे लागेल तिथे दुरुस्ती करावी, जिथे त्याला मागे वळून पाहावेसे वाटेल तिथे दिवा लावावा. कठड्याला थोड्या थोड्या अंतरावर माणूस आणि सायकल निघेल एवढी फट ठेवावी. कोपनहेगनमध्ये बर्फ पडला की मोठ्या रस्त्यांबरोबरच, पुष्कळदा त्यांच्या आधी, सायकलमार्ग साफ करतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पिंपळाची पाने पडतात आणि बाटल्यांच्या काचा पडतात. तेवढ्यासाठी खराटा पुरतो.

नवे मार्ग नकोत म्हणणे म्हणजे हातचे सोडणे, असे एका मित्राने मला सांगितले. मिळते ते आधी पदरात पाडून घ्यावे, दिवे नंतर मागता येतात. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण तो मुलगा आहे, आणि रात्री दहालाही त्याच मार्गाने शीळ घालत जातो.

जाता जाता आपल्या घरातलेही एक सांगते, संपादक मंडळाने गाळले नाही तर. आपल्या महाविद्यालयात दुचाकींसाठी फरशी घातलेली जागा आहे आणि सायकल स्टँड मागच्या बाजूला, फुटक्या पत्र्याखाली, कँटीनच्या खरकट्याशेजारी आहे. तिथला दिवाही जूनपासून गेलेला आहे. त्यासाठी पाच विभागांकडे जावे लागणार नाही, शिपाईकाकांना एक बल्ब हवा आहे.

माझ्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे. तिच्यावर तारीख आहे आणि शिक्का आहे. दुसरा अर्ज मी एकटीने देणार नाही. ज्यांच्या वाटेत असा मार्ग आहे त्यांनी आपापल्या मार्गावरचे दिवे मोजून आणावेत, लावलेले किती आणि पेटणारे किती, आणि बुधवारी मधल्या सुट्टीत त्या फुटक्या पत्र्याखाली भेटावे. मुलांनीही यावे. मोजणी मात्र अंधार पडल्यावरच करायची आहे, तेव्हा मुलींनी दोघी-दोघींनी जावे.